गच्चीवरचा मॉक्सन : कमी जागेत दहा मीटर पट्ट्यासाठी बीम कसा उभारावा

शहरातल्या इमारतीच्या गच्चीवर हॅम रेडिओसाठी उरलेली जागा म्हणजे बहुधा पाण्याची टाकी आणि सौर बंब यांच्यामधला चार-पाच मीटरांचा चौकोन. एवढ्या जागेत दहा मीटर पट्ट्याचा, म्हणजे २८ ते २९.७ मेगाहर्ट्झचा, साधा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली सरळ तार, कसाबसा बसतो. पण डायपोल दोन्ही बाजूंनी सारखेच ऐकतो, आणि त्याच्या एका बाजूला जपान असले तर दुसऱ्या बाजूला लिफ्टची मोटर, जिन्यातले एलईडी दिवे आणि सोलरचा इन्व्हर्टर असतात. बीम, म्हणजे एकाच दिशेला रोखलेला अँटेना, घ्यावा की नाही, हा प्रश्न विचारताना बहुतेक जण तो पुढे किती ताकद देतो एवढेच पाहतात. माझ्या अनुभवाने शहरात ती ताकद हा वरचा नफा असतो. खरी कमाई म्हणजे बीमची बहिरी पाठ. या लेखात सांगितलेला मॉक्सन अँटेना त्याच हिशेबाने निवडला आहे.

ब्रिटनचे हौशी रेडिओचालक लेस मॉक्सन, ज्यांचे संकेतनाम जी६एक्सएन होते, त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या व्हीके२एबीक्यू या चालकाच्या चौरस अँटेनावरून आयताकृती रचना विकसित केली, आणि पुढे अमेरिकेतल्या एल. बी. सेबिक यांनी संगणकावर प्रतिमाने करून तिच्या मापांची सूत्रे बसवून दिली. रचना समजायला सोपी आहे. दोन तारा समांतर असतात : पुढची चालक तार, जिला केबल जोडली जाते, आणि मागची परावर्तक तार, जिला काहीच जोडलेले नसते. दोन्ही तारांची टोके काटकोनात वळवून एकमेकींकडे आणलेली असतात, आणि समोरासमोर येणाऱ्या शेपट्यांमध्ये बोटभर नव्हे, नेमकी मोजलेली फट ठेवलेली असते. टोके वळवल्यामुळे दोन सरळ समांतर तारांच्या नेहमीच्या बीमला, म्हणजे यागीला, जिथे सव्वापाच मीटरांची रुंदी लागते, तिथे मॉक्सनचे काम चार मीटरांच्या आत भागते. पुढच्या दिशेने डायपोलपेक्षा सुमारे चार डेसिबल अधिक मिळतात, मागचे संकेत वीस डेसिबल (म्हणजे शंभरपट) किंवा त्याहूनही जास्त दबतात, आणि जोडणीच्या ठिकाणी अवरोध केबलइतकाच, जवळजवळ ५० ओहम, येत असल्याने जुळवणीचे वेगळे सर्किट लागत नाही.

मापे

पुढील मापे २८.४ मेगाहर्ट्झसाठी आणि दोन मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे १४ गेजच्या, उघड्या तांब्याच्या तारेसाठी आहेत. आयताची लांब बाजू ३.८४ मीटर घ्यावी. चालक तारेची प्रत्येक शेपटी ५७ सेंटीमीटर, परावर्तकाची प्रत्येक शेपटी ७२ सेंटीमीटर आणि दोहोंमधली फट ११ सेंटीमीटर ठेवावी. म्हणजे आयताची आखूड बाजू १.४० मीटर होते. यावरून चालक तारेची एकूण लांबी ४.९८ मीटर आणि परावर्तकाची ५.२८ मीटर येते. मध्यापासून प्रत्येक कोपरा २.०४ मीटरवर पडतो, त्यामुळे अँटेना पूर्ण फिरवायचा तर सव्वाचार मीटर व्यासाचे वर्तुळ मोकळे हवे. गच्चीवर आधी खडूने हे वर्तुळ काढून पाहावे. सौर बंबाची टाकी आड येते की नाही, हे कागदावर कळत नाही.

प्रत्यक्षात उघडी तार क्वचितच वापरली जाते, कारण घराच्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची पीव्हीसी वेष्टनाची वायर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते आणि तिच्यातल्या तांब्याची जाडीही साधारण तेवढीच असते. मात्र वेष्टनामुळे तार विद्युतदृष्ट्या लांब भासते. मी पहिला मॉक्सन करताना उघड्या तारेचीच मापे घेऊन वेष्टनाची वायर कापली आणि अनुनाद, म्हणजे अँटेना ज्या वारंवारतेवर सर्वांत चांगला चालतो ती जागा, थेट २७.६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे पट्ट्याच्याही बाहेर, जाऊन बसला. अशा वायरीसाठी तीन टक्के वजा करून सुरुवात करावी : लांब बाजू ३.७२ मीटर, शेपट्या ५५ आणि ७० सेंटीमीटर, फट तीच ११ सेंटीमीटर, आणि मध्यापासून कोपरा १.९८ मीटरवर. वेष्टन जाड-पातळ असल्याने हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. तो कसा सावरायचा ते पुढे येईल.

सांगाडा

तारांना आकार देण्यासाठी चार काठ्या गुणिलेच्या चिन्हासारख्या मांडाव्या लागतात, पण सरळ काटकोनात नाही. आयत लांबट असल्याने प्रत्येक काठी लांब अक्षाशी वीस अंशांचा कोन करते, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूंना काठ्यांमधला कोन ४० अंश आणि पुढे-मागे १४० अंश होतो. मध्यभागी तीस सेंटीमीटर चौरसाची मरीन प्लायची किंवा ॲल्युमिनियमची पाटी घेऊन तिच्यावर हे कोन आधी पेन्सिलीने आखावेत आणि मग यू-क्लॅम्पनी काठ्या आवळाव्यात. काठ्या फायबरग्लासच्या मिळाल्या तर उत्तम. बांबूही चालतो, मात्र त्याला दोन हात वॉर्निश द्यावे, कारण पावसात पाणी प्यायलेला बांबू जड होतो आणि माप बदलतो. मासेमारीच्या काठ्या घेताना दुकानदाराला त्या कार्बनच्या नाहीत ना, हे विचारून घ्यावे. कार्बन वीज वाहून नेतो आणि तारेला लागून असलेली अशी काठी अख्खा अँटेना बिघडवते. वायरिंगचा पीव्हीसी पाइप दिसायला सोयीचा वाटतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात तो माठाच्या फडक्यासारखा लोंबतो.

काठ्यांच्या टोकांशी तार पक्की बांधू नये. नायलॉनच्या दोरीचा लहान फास काठीवर सरकता ठेवून त्यातून तार ओवावी. शेपट्यांच्या फटीसाठी प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डाची अंगठ्याएवढी रुंद पट्टी कापावी आणि तिला नेमक्या ११ सेंटीमीटरवर दोन भोके पाडावीत. ही दोन भोके म्हणजे या अँटेनाचा जीव आहे. लांब बाजूत दोन सेंटीमीटरांची चूक झाली तर फक्त वारंवारता थोडी सरकते. फटीत तेवढीच चूक झाली तर दोन तारांमधले संधान बिघडते आणि ज्या बहिऱ्या पाठीसाठी हा खटाटोप केला तीच ऐकू लागते. तार भोकातून काढून स्वतःवर घट्ट पिळावी आणि माप पिळाच्या शेवटापासून न घेता भोकातल्या वळणापासून घ्यावे.

केबल

चालक तार बरोबर मध्यावर कापून तिथे ५० ओहमची केबल जोडायची असते. गच्चीपासून खोलीपर्यंत वीस मीटर अंतर असेल तर आरजी-५८ केबलमध्ये या वारंवारतेला सुमारे दीड डेसिबल खर्च होतात आणि जाड आरजी-२१३ मध्ये त्याच्या निम्मे. जवळच्या जवळ असेल तर आरजी-५८ पुरे. जोडणीच्या अगदी लगत केबलचे सहा-सात वेढे चार इंची पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यावर शेजारी-शेजारी गुंडाळावेत. हे वेढे नसतील तर केबलची बाहेरची जाळीच तिसरी तार होऊन जिन्यातला सगळा गोंगाट आत आणते. नवखे लोक ही पायरी हमखास गाळतात आणि मग बीममध्ये काही दम नाही म्हणतात. वेढ्यांनंतर केबल चालक तारेला काटकोनात, आडव्या प्लास्टिक नळीच्या आधाराने सत्तर सेंटीमीटर मागे खांबापर्यंत आणावी आणि मग खाली सोडावी. ती मधेच लोंबू दिली तर तिच्या वजनाने तार खाली ओढली जाते. जोडणीवर स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप आणि तिच्यावर साधी इन्सुलेशन टेप लावावी, कारण केबलच्या जाळीत शिरलेले पावसाचे पाणी बाहेर निघत नाही.

खांब आणि सोसायटी

प्रक्षेपण करण्याआधी दूरसंचार विभागाचा हौशी केंद्राचा परवाना हातात हवा आणि खांब उभारण्याआधी सोसायटीच्या समितीचे लेखी पत्र. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पाडू नये. वरच्या मजल्यावर पुढे कधीही, कुठेही गळती झाली की दोष तुमच्या खांबाकडेच येईल. पत्र्याच्या डब्यात काँक्रीट भरून त्यात सव्वा इंची जीआय पाइप उभा करावा, कठड्याला किंवा टाकीच्या स्टँडला क्लॅम्पने बांधावा आणि तीन बाजूंनी ताणाच्या दोऱ्या बांधाव्यात. सव्वा इंची पाइपात एक इंची पाइप जेमतेम सैल असा बसतो, आणि हाच आपला फिरवण्याचा सांधा. बाहेरच्या पाइपाला एक भोक पाडून बोल्ट लावला की आतला पाइप हव्या त्या दिशेला आवळता येतो. दोन-तीन किलोच्या या अँटेनासाठी विजेवर चालणाऱ्या रोटेटरवर पैसे घालण्याची गरज मला कधी वाटली नाही.

अँटेना गच्चीच्या स्लॅबपासून निदान तीन मीटर वर हवा, आणि अर्धी तरंगलांबी, म्हणजे ५.३ मीटर, जमली तर फारच चांगले. स्लॅबमधल्या लोखंडी सळ्या जवळ आल्या की मापे बिघडतात. मोकळ्या जमिनीवर ५.३ मीटर उंचीचा आडवा अँटेना सुमारे तीस अंशांनी आकाशाकडे बघतो आणि उंची दुप्पट केली की तो कोन पंधरा अंशांवर येतो. दूरच्या संपर्कासाठी कोन जितका खाली तितके बरे, म्हणून तीन-चार मजली इमारतीची उंची ही आयती मिळालेली देणगी आहे. शेपट्यांची टोके कोणाच्या हाताला लागणार नाहीत, हे मात्र पाहावे. प्रक्षेपण चालू असताना तिथे मोठा विद्युतदाब असतो आणि बोट भाजते. विजेच्या तारांपासून अंतर इतके ठेवावे, की खांब आडवा पडला तरी तो त्यांना लागणार नाही. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग दाटू लागले की केबल रेडिओपासून काढून ठेवावी. संक्रांतीच्या आसपास काठ्यांत अडकलेला मांजा ओढून काढू नये. पतंग जाईल, पण त्याबरोबर शेपटीही सुटेल.

जुळवणी

खांब पूर्ण उंचीवर नेल्यावरच नॅनोव्हीएनए (अँटेना मोजण्याचे छोटे यंत्र) किंवा एसडब्ल्यूआर मीटरने मोजणी करावी. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळला याचा आकडा; तो एकाच्या जितका जवळ तितका चांगला. कठड्यावर टेकवून घेतलेले आकडे निरुपयोगी असतात. सर्वांत कमी एसडब्ल्यूआर कुठे येतो ते पाहावे. तो खाली, समजा २८.१ वर, आला तर तारा सुमारे एक टक्का लांब आहेत. अशा वेळी केवळ शेपट्या छाटण्याचा मोह होतो, पण त्याने फट वाढते. त्याऐवजी चारही कोपऱ्यांचे फास काठीवर दोन-दोन सेंटीमीटर आत सरकवावेत आणि प्रत्येक शेपटी भोकातून अडीच सेंटीमीटर ओढून घेऊन पुन्हा पिळावी; आयत सर्व बाजूंनी सारखा आक्रसतो आणि फट जशीच्या तशी राहते. फास सरकते ठेवायला सांगितले होते ते यासाठीच. नीट बसलेला मॉक्सन २८ ते २९ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात एसडब्ल्यूआर दोनच्या आत ठेवतो.

दिशा

अँटेना परावर्तकाकडून चालक तारेकडे बघतो. खांबाच्या खालच्या टोकाला त्या बाजूने रंगाचा ठळक पट्टा मारावा, म्हणजे रात्री टॉर्चच्या उजेडातही चूक होत नाही. भिंतीवरच्या नकाशावरून दिशा ठरवू नयेत. तिथे अमेरिका पश्चिमेला दिसते, पण रेडिओलहरी पृथ्वीच्या गोलावरून जवळची वाट धरतात. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजले तर पुण्याहून न्यूयॉर्क ३३४ अंशांवर, म्हणजे उत्तरेच्या थोडे पश्चिमेला आहे, आणि सॅन फ्रान्सिस्को तर उत्तरेच्याही पूर्वेला, १५ अंशांवर पडते. लंडन ३१९, टोकियो ५९ आणि सिडनी १२६ अंशांवर आहे. मॉक्सनचा झोत सुमारे ऐंशी अंश रुंद असल्याने ३२५ अंशांवर आवळून ठेवलेला अँटेना युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा दोन्ही सांभाळतो.

पाठ खरोखर बहिरी झाली का, हे तपासण्यासाठी २८.२ मेगाहर्ट्झवरची आंतरराष्ट्रीय बीकन्स, म्हणजे आपोआप ठरलेले संकेत पाठवणारी केंद्रे, उपयोगी पडतात. जगभरातल्या अठरा ठिकाणांहून ती आळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात आणि दर तीन मिनिटांनी प्रत्येकाची पाळी येते. आधी संकेतनाम मोर्समध्ये येते आणि मग चार लांब ठोके, पहिला १०० वॅटचा, नंतर १०, १ आणि शेवटचा वॅटच्या दहाव्या भागाचा. समजा जपानचे जेए२आयजीवाय ऐकू येत आहे आणि अँटेना त्याच्याकडे असताना तिसरा ठोकाही निसटता लागतो आहे. अँटेना उलटा फिरवल्यावर, त्याच्या पुढच्या पाळीला, फक्त पहिलाच ठोका तेवढ्याच क्षीणपणे उरला तर पुढे-मागे वीस डेसिबलचा फरक पडला असे समजावे. हवेतील चढउतारांमुळे एका फेरीवर निकाल देऊ नये. पाच-सहा फेऱ्या ऐकाव्यात.

शेवटचे काम गोंगाटाचा नकाशा काढण्याचे. पट्टा शांत असताना, संध्याकाळी दिवे लागल्यानंतर, अँटेना तीस-तीस अंशांनी पूर्ण फिरवावा आणि प्रत्येक जागी एस-मीटरचा, म्हणजे रेडिओवरच्या संकेताची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा, आकडा वहीत उतरवावा. यासाठी दोन माणसे लागतात, एक गच्चीवर आणि एक रेडिओपाशी, मोबाइल कानाला लावून. माझ्याकडे १२० अंशांच्या आसपास, शेजारच्या इमारतीच्या जिन्याकडे, मीटर सहावर होता आणि ३०० अंशांकडे तोंड केल्यावर तो तीनच्या खाली आला. तेव्हापासून युरोप ऐकताना मी अँटेना लंडनच्या ३१९ ऐवजी ३०५ अंशांवर आवळतो. लंडन झोताच्या मधोमध राहत नाही आणि त्यात अर्धा डेसिबलही जात नाही, पण जिन्यातले दिवे बरोबर पाठीशी येतात.