फर्नेस शिट्टी मारतेय? आधी फिल्टर काढून बघा

अमेरिका-कॅनडात थंडी सुरू झाली की बेसमेंटमधल्या फर्नेसचा, म्हणजे गरम हवा घरभर फिरवणाऱ्या यंत्राचा, आवाज घरभर घुमायला लागतो. टेक्निशियनला बोलावण्याआधी एवढं करा:

१. थर्मोस्टॅटवर हीट बंद करून नुसता फॅन चालू ठेवा. आवाज तसाच असेल तर दोष बहुधा हवेच्या बाजूला आहे, बर्नरकडे नाही.

२. फर्नेसचा स्विच बंद करून फिल्टर ओढून काढा. मग जेमतेम मिनिटभर चालवून ऐका. शिट्टी थांबली? फिल्टर तुंबलाय. नवा घालताना त्याच्यावरचा बाण ब्लोअरच्या (फर्नेसच्या पंख्याच्या) दिशेने ठेवा. १ इंची फिल्टर साधारण १ ते ३ महिनेच चालतो. मर्व्ह १३ सारखा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा आकडा) दाट फिल्टर कोरा असला तरी शिट्टी मारू शकतो. तिथे मर्व्ह ८ लावून बघा. रिटर्नच्या जाळीला (जिथून खोलीतली हवा परत फर्नेसकडे ओढली जाते) सोफा चिकटलेला असेल तर तोही सरकवा.

३. खडखड होत असेल तर फर्नेसच्या पत्र्याच्या दारावर तळहात दाबून धरा. थांबली तर स्क्रू आवळा.

बर्नर पेटताना धाडकन आवाज येत असेल तर फर्नेस बंद करून टेक्निशियनलाच बोलवा. आणि गॅसचा वास आला तर कुठल्याही स्विचला हात न लावता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, फोन बाहेरूनच करा.