गे विद्यार्थी, धर्म आणि राजकारण : गावातली चर्चा भांडणाविना कशी घ्यावी

गोव्यात फोंड्यातलं वाचनालय असो, डिचोलीतल्या हायस्कुलाची पीटीए असो की पेडण्यातल्या महिला मंडळाची बैठक, गे विद्यार्थ्यांवरची चर्चा बहुधा एकाच कारणाने फिसकटते. तीन वेगळे प्रश्न एकदम पुढ्यात येतात: सरकारने काय करावं, धर्म काय सांगतो आणि आपल्या शाळेत शिक्षकाने काय करावं. पहिल्या दोन प्रश्नांवर माणसं एका संध्याकाळीत मत बदलत नाहीत, आणि त्यांनी ते बदलावं अशी आपली अपेक्षाही नसावी. तिसऱ्या प्रश्नावर मात्र मगोवाला, भाजपवाला, काँग्रेसवाला, दर रविवारी मिसाला जाणारा आणि देव न मानणारा असे सगळे बरंच जुळवून घेऊ शकतात. म्हणून सगळी आखणी त्या तिसऱ्या प्रश्नाभोवती करायची.

मुद्दा आधी लिहा

‘समलैंगिकता योग्य की अयोग्य’ असा विषय फळ्यावर लिहिलात की संध्याकाळ वाया गेली. मुद्दा असा हवा की त्यावर शाळेला उद्या काहीतरी करता येईल, उत्तर हो किंवा नाही असं देता येईल आणि एकाच पक्षाच्या दोन माणसांचं त्यावर पटणार नाही. ही शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची, कारण ती पाळली की तट पक्षावरून पडत नाहीत. उदाहरणार्थ:

‘विद्यार्थ्याने स्वतःबद्दल विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकाने त्याच्या संमतीशिवाय पालकांना सांगू नये.’

किंवा: ‘बायल्या, छक्का अशा हाका शाळेने जातिवाचक शिवीइतक्याच गंभीर मानाव्यात.’

पहिल्यांदाच चर्चा घेत असाल तर दुसरा मुद्दा सोपा जातो. छेडछाड चालेल असं उघडपणे कोणी म्हणत नाही. वाद होतो तो शिक्षा किती आणि नोंद कुठे यावर. पहिला मुद्दा खरा कस पाहणारा आहे. धार्मिक आईबापांनाही आपल्या मुलाचं नाव स्टाफरूममध्ये चघळलेलं नको असतं, आणि एरवी उदारमतवादी असलेले पालकही ‘माझ्यापासून लपवायचं?’ म्हणून भडकतात.

गे आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर) हे दोन विषय एकाच बैठकीत घेऊ नका. गे मुलगा स्वतःला मुलगाच समजतो. गणवेश, शौचालय, दाखल्यावरचं नाव हे प्रश्न पारलिंगी मुलांचे. दोन्हींची सरमिसळ झाली की सगळा वेळ शौचालयातच जातो.

माणसं, जागा, वेळ

वीस ते पंचवीस जण पुरे. चाळीसच्या वर गेलं की ती सभा होते आणि माणसं भाषण करू लागतात. देवळाचा सभामंडप किंवा चर्चचा हॉल फुकट मिळत असला तरी टाळा. जागेवरून अर्धे लोक आधीच अंदाज बांधतात. शाळेचा वर्ग किंवा वाचनालय बरं. जून-जुलैत पत्र्याच्या छपराखाली बैठक ठेवू नका, पाऊस कोसळला की पुढच्या रांगेलाही ऐकू येत नाही. खुर्च्या गोल मांडा, व्यासपीठ नको.

शनिवारी दुपारी चार ही वेळ बहुतेकांना जमते. चवथ, शिगमो, पवित्र आठवडा आणि रमजानमधली संध्याकाळ सोडा. पंचायत किंवा झेडपी निवडणुकीच्या दीड महिना आधी तर हा विषयच काढू नका. पंच आणि इच्छुक दोघंही येतील आणि दोघंही मतदारांकडे बघून बोलतील. एरवी पंच आला तर त्याचं स्वागत करावं, पण खुर्ची गोलातलीच द्यावी. समई, पुष्पगुच्छ, पाहुण्यांची ओळख यांना पूर्ण फाटा द्या. आपल्याकडे त्यातच चाळीस मिनिटं जातात आणि उरलेली वेळ मारून नेली जाते.

चालक दोन हवेत. एक बोलणं चालवणारा, दुसरा घड्याळ आणि यादी सांभाळणारा. दोघंही एकाच धर्माचे, एकाच पक्षाचे म्हणून गावात ओळखले जाणारे नसावेत. कोकणी, मराठी, इंग्लिश ज्याला जी येते ती बोलू द्या, चालकाने सार मराठीत सांगावं.

एका पानाचा कागद

तीन दिवस आधी ग्रूपवर एक पान पाठवा आणि बैठकीत छापील प्रती ठेवा. त्यावर मतं नकोत, फक्त तपासता येण्याजोग्या गोष्टी. ग्रूपवर मात्र वाद सुरू होऊ देऊ नका. ‘शनिवारी बोलू’ एवढंच उत्तर द्या. व्हॉट्सॲपवर रात्री अकरा वाजता टाकलेल्या वाक्याचा सूर कोणालाच कळत नाही.

कायद्याबाबत लोक दोन्हीकडून चुकतात. ‘अजून गुन्हाच आहे’ हेही खरं नाही आणि ‘सरकारने सगळ्याला मान्यता दिली’ हेही नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, प्रौढांमधल्या संमतीच्या खासगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या बाहेर काढलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या कलमाला समांतर कलम नाही. विवाहाला मात्र मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने ती दिली नाही. त्याआधी, २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने लैंगिक कल हा खासगीपणाचाच भाग मानला. पालकांना सांगावं की नाही, या मुद्द्याला हा निकाल सगळ्यांत जवळचा.

शाळेतली मुलं अठराच्या आतली. मुलगा गे असणं हा गुन्हा नाही. पण अठराखालच्या कोणाशीही लैंगिक संबंध हा पॉक्सो २०१२, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा आहे, मग मूल मुलगा असो वा मुलगी. हे दोन्ही एकाखाली एक लिहा, म्हणजे पुढचा अर्धा गोंधळ वाचतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ मुलाच्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं; तो कायदा सहा ते चौदा वयाचा. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ घातला, पण तो नियम कॉलेजांचा, आपल्या हायर सेकंडरीला तो लागत नाही. हे नेहमी उलटं सांगितलं जातं.

वैद्यकीय बाजू दोन ओळींत संपते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. ‘अमुक ठिकाणी नेऊन आणा, सुधारेल’ हा सल्ला बैठकीत हमखास येतो, तेव्हा ही ओळ वाचून दाखवायची.

दोन तासांचा क्रम

पहिली दहा मिनिटं नियमांची. नियम तीनच: कोणाचं नाव किंवा ओळख पटेल असा प्रसंग सांगायचा नाही, मोबाइल रेकॉर्डिंग नाही, आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं परत सांगायचं.

तिसरा नियम सगळ्यांना बालिश वाटतो, पण चर्चा मैत्रीची राहते ती त्याच्याचमुळे. समजा एक काका म्हणाले, “घरात आम्ही वाढवतो, टीचर कोण लपवणारी?” पुढचा उठून लगेच म्हणेल, “म्हणजे तुम्ही पोराला मारणार.” इथे चालकाने थांबवायचं: “काका काय म्हणाले ते आधी सांगा.” दुसऱ्याने म्हणायचं, “काकांचं म्हणणं, जबाबदारी आईबापांची, तर माहितीही त्यांना हवी.” काकांनी मान हलवली की मग उत्तर. मान हलली नाही तर पुन्हा सांगायचं. पहिल्या दोन-तीन वेळा हसू होतं, नंतर माणसं आपोआप लक्ष देऊन ऐकतात, कारण पुढे परत सांगावं लागणार हे माहीत असतं.

पुढची वीस मिनिटं कागदावरच्या तथ्यांना, फक्त शंका. मग धर्माला पंचवीस मिनिटं. ही काटू नका. धर्माचं बोलणं दाबलं की ते शेवटच्या पाच मिनिटांत रागाने बाहेर पडतं. प्रत्येकाने ‘माझा धर्म मला काय सांगतो’ असं स्वतःपुरतं बोलायचं, ‘तुमचा धर्म काय सांगतो’ असं नाही. त्यानंतर चहा, दहा मिनिटं. गरम डोकी चहावर निवतात, म्हणून चहा शेवटी ठेवू नये. मग मुद्द्यावर चाळीस मिनिटं, प्रत्येकाला दीड मिनिट. सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कोणाला दुसऱ्यांदा नाही. उरलेली पंधरा मिनिटं शाळेला काय कळवायचं ते लिहायला.

कुठे घसरतं

गोव्यात पहिला घसरा किनारपट्टीचा: ‘हे सगळं पर्यटकांनी आणलं.’ त्याला लागूनच फ्रेडी पीट्सचं नाव निघतं. १९९१ मध्ये मडगावात अटक झालेला आणि १९९६ मध्ये शिक्षा झालेला हा माणूस अनाथ मुलांवर अत्याचार करत होता, आणि ती जखम गोव्याच्या मनात अजून आहे. चालकाने ती हसण्यावारी नेऊ नये. शांतपणे सांगावं: ते बालकांवरचे अत्याचार होते आणि आज आपण वर्गातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला सुरक्षित कसं ठेवायचं तेच बोलतोय. ज्या मुलाला आपलं गुपित फुटायची भीती असते, त्याला धमकावणं अत्याचार करणाऱ्याला सोपं जातं. हा धागा दाखवला की भीती बाळगणारा पालकही मुद्द्याकडे वळतो.

दुसरा घसरा अर्धवट उद्धरणाचा. कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात परिच्छेद २३५७ समलैंगिक कृतींना चूक म्हणतो आणि लगेचचा २३५८ अशा माणसांना आदराने, करुणेने वागवा, अन्यायी भेदभाव टाळा असं सांगतो. एक बाजू पहिला वाचते, दुसरी दुसरा. दोन्ही कागदावर छापा आणि ज्याने एक वाचला त्यालाच दुसरा वाचायला द्या. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली, विवाहाला नाही. हेही बहुतेक वेळा वाढवून सांगितलं जातं.

हिंदूंकडे एकच अधिकारपीठ नसल्यामुळे अर्धनारीनटेश्वर, शिखंडी अशी नावं निघतात. ती स्त्री-पुरुषपणाबद्दलची आहेत, कोणावर प्रेम जडतं याबद्दलची नाहीत. नाटकातल्या स्त्रीपार्टाचंही तसंच. लुगडं नेसून रंगमंचावर उभा राहिलेला नट त्यावरून गे ठरत नाही आणि शेतात राबणारा रांगडा गडी गे नसेलच असंही नाही. या उदाहरणांना प्रेमाने बाजूला ठेवा.

तिसरा घसरा राजकारणाचा. ‘अमुक पक्ष बाजूचा, अमुक विरोधातला’ असं सोपं समीकरण कोणी मांडलं, तर ते मोडणारं उदाहरण तयार हवं. केंद्र सरकारने २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला न्यायालयात विरोध केला. त्याच वर्षी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी मुलाखतीत या लोकांना त्यांची खासगी जागा मिळावी असं म्हटलं आणि जरासंधाच्या हंस-डिंभक या दोन सेनापतींचा दाखला दिला. जमियत उलेमा-ए-हिंदही विवाहाच्या विरोधात न्यायालयात उभी होती. मग कोण कोणाच्या बाजूला, हे पक्षाच्या झेंड्यावरून सांगता येत नाही.

आणि चौथा घसरा आपला खास. कुठलाही शाळेचा विषय निघाला की अर्ध्या तासात शिक्षणाच्या माध्यमाचा प्रश्न येतो, मग मराठी-कोकणी, मग गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही यावरच्या १९६७ च्या जनमत कौलातली दोन पानं आणि फूल ही चिन्हं. भिंतीवर ‘पुढच्या खेपेला’ असा कोरा कागद लावा, विषय त्यावर लिहा आणि पुढे चला. लिहून घेतलं की माणूस शांत बसतो.

ओळख आणि गुपित

पहिल्या चर्चेला अठराखालचं कोणी नको. तरी बसलेल्यांत एखादा गे माणूस किंवा गे मुलाची आई आहे असं धरूनच बोला. ‘आपल्यात कोणी आहे का?’ असं गमतीतही विचारू नका. मुद्दाम एखाद्या गे व्यक्तीला ‘अनुभव सांगायला’ बोलवू नये असं आमचं मत आहे. सगळे प्रश्न मग तिच्यावरच पडतात आणि चर्चेची उलटतपासणी होते. कोणी आपणहून बोललं तर त्यालाही दीडच मिनिट, ना जास्त ना कमी, आणि बाहेर त्याबद्दल चकार शब्द नाही.

गुप्ततेच्या मुद्द्याला दोन अपवाद आहेत, ते आधीच जाहीर करा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. शाळेने आपापसात मिटवणं हा स्वतंत्र गुन्हा. आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याच्या बेतात असेल तर गुपित राखत बसायचं नाही. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या योजनेतून हायस्कुलांत समुपदेशक असतात. त्या कोणत्या वारी येतात आणि कुठे बसतात हे विचारून घ्या, कारण स्टाफरूमच्या दारातल्या टेबलावर कोणतंही मूल तोंड उघडणार नाही. कागदाच्या तळाशी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ आणि मानसिक आरोग्याच्या टेलि-मानसचा १४४१६ हे दोन क्रमांक मोठ्या टाइपात छापा.

शाळेला काय द्यायचं

मतदान घेऊ नका. जिंकलेले गावभर सांगतात आणि हरलेले पुढच्या खेपेला येत नाहीत. दोन रकाने करा: ‘सगळ्यांना चालेल’ आणि ‘अजून पटत नाही’. पहिल्या रकान्यात सहसा अशा गोष्टी जमतात: हाका मारल्याची नोंद वहीत करणं, सापडलेली चिठ्ठी वर्गात न वाचणं, पालकांना बोलावण्याआधी मुलाशी बोलणं. दुसरा रकाना लांब असला तरी बिघडत नाही. कागदावर कोणाचंही नाव न घालता एक प्रत हेडमास्तरांना, एक मॅनेजरला द्या, पोच घ्या, आणि बैठकीत काढलेली कच्ची टिपणं त्याच दिवशी फाडून टाका.