खान्देशच्या उन्हाळ्यात मुलांसोबत गॅसविना गोड पदार्थ : या चुका टाळा

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की खान्देशातली घरं नातवंडांनी भरून जातात. सकाळी गौराईची गडबड, झोक्यावरून भांडणं, दुपारी आमरस. आणि ऊन चढून बाहेरचं खेळणं बंद झालं की ‘आता आम्ही काय करू?’ हा घोषा सुरू होतो. गॅस न पेटवता होणारे गोड पदार्थ मुलांच्या हाती देणं हा त्यावर फार चांगला उपाय आहे. पण मोबाइलवर बघून केलेले हे पदार्थ आपल्याकडे वारंवार बिघडतात. लाडू बसतात, रोल ताटलीला चिकटतो, चॉकलेट घट्टच होत नाही, आणि बोल लागतो मुलांच्या धसमुसळेपणाला. खरं तर यात मुलांचा दोष फार थोडा. त्या कृती ज्या स्वयंपाकघरात केलेल्या असतात तिथे पंचवीस-सत्तावीस अंश तापमान असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि स्लॅबखालचं स्वयंपाकघर रात्रीही निवत नाही. कृती तीच ठेवून हवामान बदललं की पदार्थ बदलणारच.

तुपावर उभा राहणारा पदार्थ निवडू नका

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आपल्या ओळखीच्या बऱ्याच लाडवांना घट्ट धरून ठेवतं ते थिजलेलं तूप. साजूक तूप साधारण ३२ ते ३६ अंशांच्या दरम्यान वितळतं. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास. खोबऱ्यातलं तेल तर पंचवीस अंशांनाच पातळ होतं. म्हणजे आपल्या घरात दुपारी यातलं काहीच थिजलेलं राहत नाही. लाडू वळत नाही म्हणून आपण चमचाभर तूप घालतो, मग तो वळतो, मूल खूश होतं, आणि अर्ध्या तासात ताटलीतले सगळे लाडू चपटे होऊन तुपात बसलेले दिसतात.

उन्हाळ्यात चिकटपणावर उभे राहणारे पदार्थ घ्या. गूळ, खजूर, आटवलेलं गोड दूध म्हणजे कंडेन्स्ड मिल्क, ही तीन बांधणीची साधनं उन्हाला पुरून उरतात. दाणे-गुळाचे लाडू, खजुराचे रोल, सुक्या खोबऱ्याचे लाडू आणि बिस्किटांचा रोल, एवढ्यात मुलांची आख्खी सुट्टी निघते. बेसनाचे किंवा रव्याचे लाडू दिवाळीला करा. आणि बेसन न भाजता तुपात कालवून ‘झटपट लाडू’ करण्याच्या भानगडीत कधीच पडू नका. कच्चं बेसन कडवट लागतं आणि पोटालाही चांगलं नाही. कच्चा मैदा आणि कणीक यांचंही तसंच. मुलं कालवता कालवता बोटं चाटणार, हे गृहीतच धरा. बेसनाची हौस असेल तर डाळ्यांचं पीठ घ्या, डाळ्या आधीच भाजलेल्या असतात.

वेळही महत्त्वाची. हे काम सकाळी नऊच्या आत उरकावं. आणि कूलरच्या खोलीत तर मुळीच मांडू नये. कूलरची हवा गार असते, पण ओली असते. गूळ आणि पिठीसाखर हवेतला ओलावा ओढून घेतात. अशा खोलीत उघडी ठेवलेली लाडवांची ताटली संध्याकाळपर्यंत चिकचिकीत होते, आणि घरातली मोठी माणसं ‘गूळच खराब निघाला’ म्हणून मोकळी होतात.

दाणे-गुळाचे लाडू

मुलांसोबत सुरुवात याच लाडवांनी करावी असं माझं ठाम मत आहे. दोन वाट्या भाजलेले दाणे, पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, थोडी वेलची. दाणे मोठ्यांनी आदल्या संध्याकाळी भाजून ठेवायचे. सकाळी परातीत मुलांसमोर ओतले की सालं काढायचं काम त्यांचं. तळहातावर मूठभर दाणे घेऊन चोळायचे. मग सूप आणायचं आणि अंगणात पाखडायला बसवायचं. पहिल्या दोन-तीन झटक्यांत निम्मे दाणे जमिनीवर येतात. मग आजी मागून त्या लहान मनगटांना धरते, सूप किंचित पुढे कलवते, वर एक हलका उडवा देते. लालसर टरफलं वाऱ्यावर जातात आणि पांढरे दाणे खळकन मागे येतात. शहरातून आलेल्या मुलाने सूप पहिल्यांदा हातात धरलेलं असतं. हे काम घाईने आपणच उरकून टाकणं हीसुद्धा एक चूकच.

दाणे कोमट असतानाच मिक्सरला लावणं ही नेहमीची गफलत. कोमट दाण्यांना लवकर तेल सुटतं. मिक्सर सलग फिरवला तर तेल आणखी सुटतं आणि कुटाऐवजी लगदा होतो. पूर्ण गार दाणे घ्या, दोन-दोन सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने खालवर करा, पुन्हा फिरवा. मिक्सर मोठ्यांनीच चालवायचा, बटणाला मुलांचा हात नको. जमलं तर थोडे दाणे खलबत्त्यात कुटायला द्या. कूट जाडंभरडं होतं, आणि असा लाडू खायला जास्त चांगला.

तेल सुटलंच तर टाकून देऊ नका. डाळ्यांचं पीठ, भाजलेल्या तिळाचं कूट किंवा ज्वारीच्या लाह्यांचं पीठ दोन-दोन चमचे घालत जा. मिश्रण हाताला सुटं लागलं की थांबा. लाह्यांनी लाडू हलका होतो, चव झाकली जात नाही.

उलट मिश्रण भुगाभुगा राहत असेल तर बहुतेक वेळा गूळ नीट मिसळलेला नसतो. त्याचे खडे तसेच असतात. किसणीवर गूळ मुलांना देऊ नका, बोटं सोलतात. सुरीने आपणच बारीक चिरावा आणि कुटासोबत पुन्हा मिक्सरमध्ये चार-पाच सेकंद फिरवावा. दाण्यांचं स्वतःचं तेल आणि गूळ एकत्र आले की मुठीत धरताच गोळा होतो. इथे दुधाचा शिपका मारायचा मोह आवरा. दूध घातलेला लाडू त्याच दिवशी संपवावा लागतो, बिनदुधाचा कोरड्या डब्यात आठवडाभर आरामात राहतो.

लहान मुलांचे लाडू तडकतात, कारण ती मिश्रण नुसतं गोल फिरवतात. आधी मुठीत दोन-तीनदा घट्ट दाबायचं, मग वळायचं. आणि लाडू छोटे, सुपारीपेक्षा थोडे मोठे. तळहात मावेल तेवढाच गोळा नीट वळतो.

बिस्किटांचा रोल

या रोलमध्ये सगळे सारखेच फसतात. बिस्किटांचा चुरा, कोको, थोडी पिठीसाखर एकत्र केली की मूल दुधाचा पेला घेऊन तयारच असतं. पेला एकदम ओतला की संपलं. बिस्किट दूध हळूहळू पितं. पहिल्या मिनिटाला मिश्रण कोरडं वाटतं म्हणून आपण आणखी दूध घालतो आणि पाचव्या मिनिटाला ते ओघळायला लागतं. दोनशे ग्रॅम बिस्किटांना पाच-सहा मोठे चमचे दूध बहुधा पुरतं. दूध तापवून गार केलेलंच घ्या. चमच्याने मोजून घाला, मळा, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि मगच ठरवा. ही पाच मिनिटं मुलांना फार अवघड जातात. तेवढ्यात आतल्या सारणाचं खोबरं आणि साखर कालवायला द्यावी.

सैल झालं तरी लगेच बिस्किटांचा दुसरा पुडा फोडू नका. झाकून दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच जमतं. तरीही सैल असेल तर मूठभर चुरा घाला.

कोकोऐवजी दुधात घालून प्यायची चॉकलेट पावडर वापरली तर मिश्रण गोडमिट्ट आणि चिकट होतं. त्या पावडरीत साखर बरीच असते. घरात तीच असेल तर वेगळी साखर घालूच नका. सारणात लोणी घालायला सांगणाऱ्या कृती उन्हाळ्यात बाजूला ठेवा, रोलच्या मधून ते वितळून बाहेर येतं. लोण्याच्या जागी दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क चालतं.

कापताना रोल दबतो आणि चकत्या लांबोळक्या होतात. एक तर तो किमान दोन तास फ्रिजमध्ये थंड झालेला हवा. दुसरं, सुरीऐवजी दोरा वापरा. स्वच्छ, जाडसर पांढरा दोरा रोलखालून सरकवायचा, दोन्ही टोकं वर आणून एकमेकांवरून फुली करायची आणि दोन बाजूंना ओढायची. दोरा आत उतरतो आणि चकती गोलच्या गोल सुटते, आतलं पांढरं सारण मधोमध. सहा वर्षांचं मूलही हे एकट्याने करू शकतं आणि बोट कापायची भीती नाही.

खोबरं आणि खजूर

खोबऱ्याच्या लाडवात ओला नारळ नको. उन्हाळ्यात ओलं खोबरं काही तासांत आंबतं. आपल्याकडे मसाल्यासाठी सुकं खोबरं घरात असतंच, पण ते किसण्याआधी एक तुकडा चावून बघा. जुनं खोबरं खवट लागतं आणि साखरेने तो खवटपणा झाकला जात नाही. कंडेन्स्ड मिल्क चमच्या-चमच्याने घाला, कारण खिसाचा कोरडेपणा दर वेळी वेगळा असतो.

खजूर बिनबियांचा म्हणून आणला तरी प्रत्येक फोडून बघावा. एखादी बी निघतेच. हे शोधकाम मुलं मनापासून करतात. कडक खजूर मिक्सरमध्ये अडकत असेल तर पाण्यात भिजवू नका, वाफेवर दोन-तीन मिनिटं ठेवा. वाफेचं काम अर्थात मोठ्यांचं.

केळी आणि चॉकलेट

रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळी वापरायची नाहीत असं कसं होईल? जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण केळं लाडवात किंवा बिस्किटांच्या रोलमध्ये कुस्करून घालू नका. केळ्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. मिश्रण सैल होतं, काळं पडतं आणि संध्याकाळपर्यंत वास मारतं. केळ्याच्या चकत्या करा, त्यांना लिंबाचा रस चोपडा म्हणजे काळ्या पडणार नाहीत, आणि ताटलीत एकमेकींना न चिकटता पसरून फ्रीजरमध्ये कडक होऊ द्या. सालीवर काळे ठिपके आलेलं केळं यासाठी फार मऊ, पिवळं पण घट्ट घ्या.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब पडला तरी ते गोळा होऊन दाणेदार होतं. मुलांचे हात नुकतेच धुतलेले असतात, चमचा ओला असतो, खालच्या पातेल्यातली वाफ वर येते. वाटी, चमचा, हात सगळं कोरडं पुसा. वाटीचा तळ खालच्या गरम पाण्याला टेकू देऊ नका आणि गॅस बंद करूनच चॉकलेट वितळवा. गोळा झालंच तर दोन-तीन चमचे गरम दूध घालून घोटा. लेप द्यायला ते चालणार नाही, पण केळ्यावर ओतून खायला उत्तम. चकत्या फ्रीजरबाहेर काढल्या की लगेच एकेक बुडवायच्या आणि पुन्हा आत. बाहेर ठेवून घट्ट होण्याची वाट पाहू नका, आपल्या मे महिन्यात ते होणार नाही.

आम्रखंड आणि जेली

आम्रखंडासाठी दही रात्रभर खुंटीला टांगायची आपली जुनी रीत उन्हाळ्यात आंबट चक्का देते. फडक्यात बांधलेलं दही चाळणीत ठेवा, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. रसासाठी गावठी आंबा कितीही गोड असला तरी तो पातळ आणि रेषाळ. तो वाटीत खायला ठेवावा आणि आम्रखंडात हापूस किंवा केशरचा घट्ट गर घालावा. साखर घातल्यावर चक्का सैल होतो. घाबरू नका, फ्रिजमध्ये तो पुन्हा आवळतो.

जेलीत पपई, अननस किंवा किवी कच्चा घातला तर जिलेटिनची जेली घट्ट होत नाही, या फळांतली द्रव्यं तिला तोडतात. शिवाय जिलेटिन प्राण्यांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी घरात पाकीट वाचून घ्या. चायना ग्रास समुद्री शेवाळाचं असतं आणि खोलीच्या उष्णतेतही वितळत नाही, पण ते पूर्ण विरघळेपर्यंत उकळावं लागतं, म्हणजे गॅस आलाच.

डबा भरताना

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, बदाम तोंडात टाकू देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्या वाटणीचं कूटच हवं. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये. शेजारी ताटली पाठवताना त्या घरात कुणाला दाण्याची ॲलर्जी आहे का, एवढं आधी विचारा.

दूध घातलेलं काहीही मे महिन्यात तासाभराच्या वर बाहेर राहू नये. बिस्किटांचा रोल फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, खोबऱ्याचे लाडू चार-पाच दिवस. फ्रिजमधून काढलेला डबा मुलं लगेच उघडतात आणि गार लाडवांवर हवेतलं पाणी जमतं, ते चिकट होतात. डबा दहा-पंधरा मिनिटं झाकणासकट बाहेर राहू द्या. वीज जाण्याचा भरवसा नाही, तेव्हा एका वेळी थोडंच करा.

सुट्टी संपून भाचरं एसटीने पुण्या-नाशिकला परतायला निघाली की त्यांनी स्वतः केलेलं सगळंच त्यांना न्यायचं असतं. चॉकलेटच्या चकत्या आणि रोल घरीच संपवायला लावा. सोबत द्यायचे ते दाणे-गुळाचे लाडू, स्टीलच्या कोरड्या डब्यात, तळाशी आणि वर कागद घालून.