अडलेलं काम सोबत घेऊन तीन तास बाहेर: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी तयारीची यादी

चित्र असो, लेख असो की गाण्याची चाल, काम अडलं की आपण म्हणतो, मोठी सुट्टी मिळाली की कुठेतरी लांब जाऊन येऊ. ती सुट्टी वर्षाकाठी एकदा मिळते आणि काम दर महिन्याला अडतं. आपल्याकडे एका बाजूला येऊरचा डोंगर आहे, दुसऱ्या बाजूला खाडी. दोन्हीकडून जेवायच्या वेळेपर्यंत घरी परतता येतं. मात्र तयारी नीट हवी, नाहीतर नुसती पिकनिक होते. पिकनिकही छानच, पण अडलेलं काम तिने सुटत नाही.

तयारी आदल्या रात्री सुरू होते, आणि सुरुवात सॅकपासून करायची नाही. काम कुठे अडलंय ते एका वाक्यात कागदावर लिहा. ‘चित्र जमत नाहीये’ असं मोघम नको. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून माझ्या कामातलं उदाहरण देते: ‘आजी अंधारात बसली आहे, पण पान उदास दिसता कामा नये, तर उजेड कुठून आणू?’ प्रश्न इतका नेमका हवा. मग कागद टेबलावर ठेवून झोपा. तो बरोबर न्यायचा नाही. प्रश्न डोक्यात राहतोच. कागद खिशात असला की दर पाच मिनिटांनी हात तिकडे जातो.

त्याच रात्री कॅलेंडर बघून घ्या, कारण खाडीवर जायचं तर वेळ आपण नाही, पाणी ठरवतं. कोळीवाड्यांतला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराच्या सुमारास ओहोटी. चतुर्थीला भरती तीनला, म्हणून सकाळी नऊच्या आसपास चिखल उघडा. खाडी आत शिरेल तसा थोडा उशीर होतो, तेव्हा तासभर मागेपुढे धरा आणि अचूक वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहा. ओहोटीला रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उघड्या चिखलावर चरायला पसरतात. भरतीने चिखल बुडाला की त्यांतले बरेचसे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. सीवूड्स-दारावे स्टेशनपासून तिथे पोहोचणं अवघड नाही. हिवाळ्यापासून मेपर्यंत हा हंगाम. ठाणे खाडीचा ऐरोली ते वाशी पुलांमधला पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीहून बोटीने जायचं असेल तर फेरीची वेळ पाण्यावर अवलंबून असते, म्हणून आधी चौकशी करून जागा राखून ठेवा.

पक्षी नसतील त्या दिवसांतही खाडी रिकामी नसते. तिवराच्या झाडापाशी उभं राहा आणि एक पान न तोडता उलटून बघा. खालची बाजू राखाडी, किंचित खरखरीत. कोरड्या दिवशी तिच्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. झाड खारं पाणी ओढतं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. खाली चिखलातून मुळं पेन्सिलींसारखी सरळ वर आलेली असतात, श्वास घ्यायला. अशा एका झाडापाशी पंधरा मिनिटं काढणं हे दहा ठिकाणं पालथी घालण्यापेक्षा जास्त उपयोगी, असं माझं ठाम मत आहे.

डोंगराकडे जायचं तर येऊर. हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग, म्हणजे बिबट्याचं घर. वनखात्याच्या चौकीवरचे नियम पाळा, वाट सोडू नका आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी खाली उतरा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणार असाल तर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली सापडतील. रंगांचं काम अडलेल्यांनी हे दिवस चुकवू नयेत. घोडबंदर रस्त्यावर ओवळ्याची ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग आहे. तिथे फार पहाटे जायची गरज नाही, कारण उन्हाने अंग तापल्याशिवाय फुलपाखरं उडत नाहीत.

पावसाळ्यात धबधब्याचा मोह टाळा. खारघरच्या पांडवकड्यावर पावसाळ्यात प्रवेशबंदी होते, आणि तिथे माणसं वाहून गेली आहेत म्हणूनच ती होते. त्या दिवसांत छत्री घेऊन उपवन तलावाचा काठ पुरे.

सॅक हलकी ठेवा. लिटरभर पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट सुती सदरा, चिखल चालेल असे जुने बूट. खायला गूळ-शेंगदाणे किंवा दशमी, तीही डब्यात. येऊरला हातात पिशवी दिसली की माकडं येतात. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर विकत घेण्यासाठी थांबू नका. खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल घ्या, कारण घामाने किंवा पावसाने शाई पसरते. घरी सांगून निघा, कुठे जातोय आणि किती वाजता येणार. मग फोन बंद करून सॅकच्या तळाशी. इअरफोन घरीच. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की ताण देऊन लावलेलं लक्ष थकतं आणि निसर्गात ते विनासायास गुंतत असल्याने त्याला विसावा मिळतो. कानात पॉडकास्ट चालू असेल तर विसावा कसला?

रानात एकट्याने जाऊ नका. पण सोबत्याशी आधीच ठरवा की पहिला तास गप्पा नाहीत. ज्याला हे जमणार नाही त्याला दुसऱ्या रविवारी चहाला बोलवा.

फिरताना उत्तर शोधू नका, पर्याय जमवा. स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा जास्त नव्या कल्पना सुचल्या, अगदी भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. चालून आल्यावर बसलं तरी तो परिणाम काही वेळ टिकला. मात्र एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांत चालणारे किंचित मागे पडले. म्हणून वहीत जे येईल ते लिहा, वेडंवाकडं चित्र काढा, निवड करू नका.

आणि परतल्यानंतरचा अर्धा तास आधीच मोकळा ठेवा. घरच्यांना तसं सांगून ठेवा, नाहीतर दारातच भाजीची पिशवी हातात येते. हातपाय धुऊन टेबलाशी बसा, रात्रीचा कागद उघडा आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वहीतलं सगळं उतरवून काढा. त्यातलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, खुर्चीत बसून ठरवा.