व्हिनाइलची फरशी सांभाळताना: हाउसकीपिंगमधे नवीन आलेल्यांसाठी माझा अनुभव

अकरा वर्षं झाली मला हॉस्पिटल हाउसकीपिंगमधे. सुरवात नाशिकला हातात मॉप घेऊन झाली, आता पुण्यात सुपरवायझर आहे आणि दर महिन्याला दोन-चार नवीन मुलंमुली माझ्याकडे शिकायला येतात. बहुतेकांना घरची शहाबादी नाहीतर साधी लादी पुसायची सवय असते, म्हणजे बादलीभर पाणी, त्यात अंदाजाने फिनेल, आणि फरशी ओलीचिंब. इथे व्हिनाइलवर नेमकं तेच चालत नाही, आणि हे सांगायला कुणाला वेळ नसतो, मलाही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी "मावशी, तो पॅसेज घ्या" एवढंच ऐकलं आणि कामाला लागले.

म्हणून पहिली गोष्ट ही, की फरशीवर थेंबभरही काही टाकायच्या आधी खाली नक्की काय आहे ते ओळखायचं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, पण सगळं व्हिनाइल एकसारखं नसतं. १२ बाय १२ इंचाच्या सुट्या टाइल्स असतील तर ती बहुतेक व्हीसीटी (व्हिनाइल कॉम्पोझिशन टाइल), त्यात चुनखडीची पूड जास्त आणि व्हिनाइल कमी, त्यामुळे ती डाग पिते आणि तिला वरून पॉलिशचा थर लागतोच. हॉस्पिटलमधे जास्त दिसतं ते रोलचं होमोजीनियस व्हिनाइल, साधारण २ मिमी जाड, वरपासून खालपर्यंत एकच माल, जोड वेल्डिंग रॉडने बंद केलेले आणि कडेला भिंतीवर गोलाई देऊन चढवलेलं, त्याला कोव्हिंग म्हणतात. यावर बऱ्याचदा कंपनीतूनच पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंग येतं, मग पॉलिशची गरज नसते. तिसरी ऑफिस आणि दुकानांतली लाकडासारखी दिसणारी पट्टी, एलव्हीटी (लक्झरी व्हिनाइल टाइल), तिचं लाकूड म्हणजे छापलेलं चित्र आणि त्यावर पारदर्शक वेअर लेयर, तो लेयर घासला गेला की खालचं चित्रच जातं, मग कितीही पुसा.

वर पॉलिश आहे की नाही कळत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात स्ट्रिपरचे, म्हणजे जुनं पॉलिश काढायच्या केमिकलचे, दोन थेंब टाका, पाच मिनिटं थांबा आणि नाण्याच्या कडेने हलकं खरवडून बघा, पांढरट चिकट लगदा निघाला तर पॉलिश आहे. बघून झाल्यावर तेवढी जागा पाण्याने स्वच्छ पुसून घ्या. मी नवीन साइटला गेले की पहिलं हे करते.

आता रोजचं काम. व्हिनाइल खराब होतं ते पाण्याने नाही तर रेतीने, म्हणजे बुटाला चिकटून आलेले बारीक खडे आधी ओरखडे काढतात, मग त्या ओरखड्यात मळ बसतो, आणि आपल्याला वाटतं फरशी काळी पडली. म्हणून आधी दरवाज्यात चांगलं लांब मॅट, आतबाहेर दोन्हीकडे, नंतर सुका डस्ट मॉप, आणि मगच ओला मॉप. सुकं न करता थेट ओलं केलं तर धुळीचा चिखल होऊन सगळीकडे पसरतो. घाई असेल तर एकवेळ ओलं पुसणं पुढे ढकला, पण सुकं सोडू नका, माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

ओला मॉप म्हणजे पिळून घेतलेला, थेंब न गळणारा. सुट्या टाइल्सच्या फटीतून पाणी खाली गेलं की गोंद सुटतो आणि कडा वर येतात, त्यात पाय अडकून पेशंट पडू शकतो. तळमजल्यावर तर जमिनीतूनच ओल येते, तिथे वरून अजून पाणी ओतणं म्हणजे स्वतःच फरशी उखडणं. नवीन बसवलेली फरशी असेल तर गोंद सुकेपर्यंत चार-पाच दिवस ओलं पुसायचंच नाही.

केमिकल मापाने घ्या. लेबलवर लिटरला २० मिली लिहिलं असेल तर दहा लिटरच्या बादलीत २०० मिली, टोपणाच्या अंदाजाने नाही. जास्त टाकलं तर जास्त स्वच्छ होतं हा मोठा गैरसमज आहे, जास्तीचा साबण फरशीवरच राहतो, चिकट होतो, चपला चरचरायला लागतात आणि संध्याकाळपर्यंत धूळ बसते, मग लोक अजून साबण टाकतात. अशी चिकट फरशी आली तर केमिकल बंद करा आणि दोनदा नुसत्या स्वच्छ पाण्याने पुसा, बऱ्याचदा तेवढ्यानेच खुलते. कपडे धुवायची पावडर, काळं फिनेल, थिनर, ॲसिटोन हे व्हिनाइलजवळ नको, थिनरने तर ते विरघळतंच. संडासाच्या भांड्याचं ॲसिड, आपल्याकडे सगळे आर-सिक्स म्हणतात ते, व्हीसीटीवर पडलं तर आतली चुनखडी खातं. आणि हे ॲसिड आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच) कधीच, कधीच एकत्र करू नका, क्लोरीन गॅस होतो, एका छोट्या बाथरूममधे माणूस बेशुद्ध पडायला तेवढं पुरे आहे.

डागांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हॉस्पिटलमधे सगळ्यात जास्त बोलणी यावरून बसतात. बीटाडिन (जखमेला लावायचं आयोडीनचं औषध) सांडलं की लगेच पुसा, सुकलं तर पिवळा-तपकिरी डाग आत उतरतो आणि साबणाने जात नाही. त्यावर सोडियम थायोसल्फेटचं पाणी चालतं, लिटरला साधारण ५० ग्रॅम, फडकं भिजवून डागावर ठेवलं की आयोडीनचा रंग उडतो, नंतर साध्या पाण्याने पुसायचं. गंमत म्हणजे एक्स-रे डिपार्टमेंटमधले जुने लोक ह्याच थायोसल्फेटला हायपो म्हणायचे, आणि आपण वॉर्डात हायपो म्हणतो ते सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही वेगळी, त्यामुळे स्टोअरमधून नुसतं "हायपो द्या" म्हणून आणू नका, बाटलीवरचं पूर्ण नाव वाचा.

रक्त सांडलं तर ग्लोव्हज घाला, आधी टिश्यू किंवा जुनं फडकं टाकून झाका, त्यावर १ टक्क्याचं हायपोक्लोराइट, निदान दहा मिनिटं थांबायचं, मग उचलून त्या-त्या रंगाच्या पिशवीत. बाटली ५ टक्क्यांची असेल तर २०० मिलीत ८०० मिली पाणी, १० टक्क्यांची असेल तर १०० मिलीत ९००. हा हिशोब इंटरव्ह्यूला हमखास विचारतात, पाठ नको, समजून घ्या. शेवटी साध्या पाण्याचा हात मारायला विसरू नका, व्हिनाइलवर हायपो तसंच राहिलं तर चमक जाते.

रबराचा डाग मात्र जात नाही. रबरी पायपुसणं किंवा मशीनचे रबरी पाय महिनोन्महिने एका जागी राहिले की रबरातलं द्रव्य व्हिनाइलमधे उतरतं आणि खाली पिवळसर छाप उमटते, ती मळाची नसतेच, व्हिनाइलचा रंगच बदललेला असतो. एकदा एका ताईने असा डाग तासभर घासला होता, हात सोलवटले तिचे. त्यामुळे रबराच्या पाठीचं मॅट दिसलं की लगेच सांगा, बदलून घ्या. ट्रॉलीच्या चाकांच्या काळ्या रेघा मात्र वरच्यावर असतात, न्यूट्रल क्लीनर आणि पांढरं पॅड पुरतं.

आता स्ट्रिपिंग, म्हणजे व्हीसीटीवरचं जुनं पॉलिश काढून नवीन लावणं. हे रात्री करतात आणि यात नवीन माणूस सगळ्यात जास्त चुकतो. आधी ओल्या फरशीचे बोर्ड लावा, नायट्रिल ग्लोव्हज, न घसरणारे बूट, कारण स्ट्रिपर पडलेली फरशी शेवाळ्यासारखी असते. स्ट्रिपर लेबलच्या मापाने पसरायचा, साधारण दहा मिनिटं मुरू द्यायचा पण सुकू द्यायचा नाही, म्हणून एका वेळी झेपेल तेवढाच पट्टा घ्या. सिंगल डिस्क मशीनला काळं पॅड, काळं स्ट्रिपिंगचं, हिरवं आणि निळं घासायचं, लाल आणि पांढरं हलक्या हाताचं, हा क्रम डोक्यात बसू दे. पीयू कोटिंगवर काळं पॅड फिरवलंत तर कोटिंगच गेलं समजा. लगदा वेट व्हॅक्यूमने ओढायचा, मग दोनदा स्वच्छ पाण्याने, आणि शेवटी पीएच पेपर (ॲसिड-अल्कली दाखवणारी पट्टी) लावून बघायचा, ७ च्या आसपास आला पाहिजे, नाहीतर नवीन पॉलिश धरत नाही.

पॉलिश पातळ लावायचं, तीन ते पाच हात, प्रत्येक हात पूर्ण सुकल्यावरच पुढचा. कोरड्या हवेत अर्धा-पाऊण तास लागतो, पावसाळ्यात दुप्पटही लागतो, आणि इथेच माझं चुकलं होतं. जुलैची रात्र, सकाळी सहाच्या आत पॅसेज चालू करायचा होता, बाहेर धो धो पाऊस, मी हाताने टेकून बघितलं, वरून सुकलंय असं वाटलं आणि तीन हात भराभर मारले, वर लवकर सुकावं म्हणून पंखा थेट फरशीकडे वळवला. सकाळी सगळ्या पॅसेजवर पांढरी धुकट साय, ट्रॉलीच्या चाकांनी पॉलिश सोलून निघत होतं. खालचा हात ओला असताना वरचा बसला होता, आणि पंख्याने वरचं कातडं आधी धरलं. पुढच्या रात्री सगळं परत काढलं, सोबतच्या दोघींचीही झोप गेली आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून पावसाळ्यात मी एका रात्री दोनच हात लावते, पंखा असलाच तर खोलीतली हवा फिरेल असा भिंतीकडे, आणि वॉर्डाच्या सिस्टरला आधीच सांगून ठेवते की उरलेलं उद्या.

अजून एक, भिंतीलगत पहिले एक-दोनच हात न्या, बाकीचे टाइलभर अलीकडे थांबवा. कडेला कुणी चालत नाही, तिथलं पॉलिश झिजत नाही, थरावर थर चढून पिवळी पट्टी दिसायला लागते.

ओटीमधे (ऑपरेशन थिएटरमधे) पॉलिश लावायला सांगितलं तर आधी इंजिनियरिंगला विचारा. तिथलं व्हिनाइल बऱ्याच ठिकाणी कंडक्टिव्ह, म्हणजे वीज वाहून नेणारं, असतं, खाली तांब्याची पट्टी असते, अंगातली स्टॅटिक वीज जमिनीत जावी म्हणून. वर साधं पॉलिश चढवलं तर तो रस्ताच बंद होतो. चाकण-रांजणगावच्या इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांत काम लागलं तर तिथेही हाच प्रश्न येईल.

कामाला लागताना कोर्स हवाच असं नाही, पण आयटीआयला हॉस्पिटल हाउसकीपिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे, आणि टुरिझम अँड हॉस्पिटॅलिटी स्किल कौन्सिलचा हाउसकीपिंग अटेंडंटचा कोर्सही आहे, सर्टिफिकेट असेल तर सुपरवायझरसाठी लवकर विचार होतो. सरकारी हॉस्पिटलमधे २०१५ पासून कायाकल्प (स्वच्छतेची सरकारी पुरस्कार योजना) आहे, खाजगीत एनएबीएच (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता), दोन्हीकडे तपासणीला येणारे आपल्याला थेट विचारतात, हे काय मिसळलंय, किती, कशासाठी. ज्या मावशीला हे नीट सांगता येतं तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, मी स्वतः अशाच एका तपासणीनंतर पुढे आले. एजन्सीतून लागलात तर पहिल्याच महिन्यात पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर) आणि ईएसआयचा नंबर मागून घ्या आणि दर महिन्याची पगाराची स्लिप जपून ठेवा, संकोच करू नका.

आणि फरशी बसवणारे गेल्यावर उरलेल्या टाइल्सचा खोका फेकू देऊ नका, स्टोअरमधे आडवा, सपाट ठेवा. टाइल जळली किंवा फुटली तर तिथे कोरी टाइल बसवली की ती उठून दिसते, म्हणून मी कपाटाखालची जुनी टाइल हीट गनने हळू गरम करून काढून घेते, ती मधे लावायला देते, आणि कोरी कपाटाखाली.