जुने विज्ञानकथांचे पल्प जमवताय? या चुका टाळा

दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी नवा संग्राहक मला आपल्या पल्पच्या, म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेल्या जुन्या अमेरिकी कथामासिकाच्या, अंकाचा फोटो पाठवतो आणि फोटो उघडायच्या आधीच माझ्या पोटात गोळा येतो. तेच ते घोळ वर्षानुवर्षं बघतोय. शंभर वर्षं टिकलेला कागद आपल्या घरी येऊन आठवड्यात मरावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्यात जीव जळतो तो कडा कापलेला अंक बघून. 1930 च्या दशकातले बहुतेक पल्प साधारण 7 बाय 10 इंचांचे, आणि त्यांच्या कडा मुळातच कापलेल्या नसायच्या. आतली पानं खडबडीत, आणि मुखपृष्ठ त्यांच्याबाहेर जरासं लोंबणारं. छापखान्यातून अंक तसाच यायचा. ती लोंबती कड सगळ्यात आधी झिजते, म्हणून ती शाबूत असलेला अंक मिळणं भाग्याचं.

एका ओळखीच्या मुलाने ‘अस्टाउंडिंग’ या विज्ञानकथा मासिकाचा 1931 चा अंक अमेरिकेतून मागवला. हातात पडला त्याच दिवशी तो बाइंडरकडे. ‘जरा नीट करून द्या’ एवढंच सांगितलं. बाइंडरने त्याचं काम चोख केलं: तीन बाजू कटिंग मशीनखाली घातल्या, पाठीला कापडी पट्टी डकवली. मी पोचलो तेव्हा मशीनशेजारी तपकिरी भुग्याचा ढीग होता आणि त्यात मुखपृष्ठाच्या रंगीत पट्ट्या. एका पट्टीवर वेस्सोच्या सहीचा अर्धा भाग होता. क्लेटन ही कंपनी मासिक छापायची त्या काळातली ‘अस्टाउंडिंग’ची मुखपृष्ठं रंगवणारा हान्स वेसोलोव्स्की चित्राखाली ‘वेस्सो’ अशी सही करायचा. मुलगा खूश होता. ‘काका, आता कसा नव्यासारखा दिसतो!’ मला त्याला रागवताही आलं नाही. ती पट्टी मी पाकिटात घालून अंकासोबत ठेवायला लावली.

तेव्हापासून माझा नेम आहे. अंक आला की पंधरा दिवस दुरुस्तीचं नाव काढायचं नाही. रोज थोडा वेळ नुसता बघायचा. काय मोडलंय आणि काय मुळातच तसं आहे, हे कळायला तेवढे दिवस लागतातच. ज्याला तेवढा धीर नाही त्याने छापील पुनर्मुद्रणं घ्यावीत, तीही छान असतात.

सेलोटेप? अजिबात नाही. डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग कुणाच्याही हातून निघत नाही. लॅमिनेशनबद्दल मी बोलतच नाही.

दुसरा माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे ‘अमेझिंग स्टोरीज’चा ऑगस्ट 1928 चा अंक. मुखपृष्ठावर लाल पोशाखातला माणूस हवेत उडतोय. शंभरातले नव्वद लोक छातीठोकपणे सांगतात, हा बक रॉजर्स, चित्रपट्टीतला तो प्रसिद्ध अंतराळवीर. नाही! फ्रँक आर. पॉलने काढलेलं ते चित्र त्याच अंकात सुरू झालेल्या ‘द स्कायलार्क ऑफ स्पेस’ या कादंबरीचं आहे, आणि उडणारा माणूस तिचा नायक रिचर्ड सीटन. गोंधळ का होतो तेही समजून घ्या. फिलिप नोलनची ‘आर्मगेडन 2419 ए.डी.’ ही कथा याच अंकात आली आणि तिच्यातली माणसं पट्टे बांधून लांब उड्या मारतात. पण तिथे नायकाचं नाव अँथनी रॉजर्स आहे. ‘बक’ तो झाला जानेवारी 1929 मध्ये, वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत. हे कळायला अनुक्रमणिका उघडून दोन कथांची पहिली पानं वाचावी लागतात, बस. पण मुखपृष्ठाचा फोटो बघून मथळा ठोकणाऱ्यांना आत डोकावायचंच नसतं. पॉल शिकलेला आर्किटेक्ट होता. त्याची यंत्रं आणि इमारती बघा, माणसं त्यापुढे लाकडी वाटतात. चित्र ओळखायला ही खूण मला नेहमी उपयोगी पडते.

मासिकाचं माप घेतल्याशिवाय अंक ठेवायच्या पिशव्या मागवू नका. एप्रिल 1926 चा ‘अमेझिंग’चा पहिला अंक साधारण 8.5 बाय 11 इंचांचा. पल्पच्या मापाच्या पिशवीत कोंबलात तर कोपरा दुमडलाच. पिशवी पॉलिएस्टरची घ्या, मऊ, वास येणारी पीव्हीसी नको.

अंकावरचा महिना म्हणजे विक्रीला आल्याची तारीख नव्हे; अंक आधीच स्टॉलवर यायचे.

‘विअर्ड टेल्स’ मासिकाची पेस्टलमधली मुखपृष्ठं करणारा ‘एम. ब्रंडेज’ पुरुष नव्हता, ती मार्गारेट.

स्कॅनरवर अंक सपाट दाबू नका, पाठ तडकते. मी दोन बाजूंना टॉवेलच्या घड्या ठेवतो, अंक अर्धाच उघडतो आणि वरून फोटो काढतो.

आणि पावसाळा. लाकडाच्या लगद्याच्या या कागदातलं लिग्निन हवेने, उजेडाने बिघडून आम्ल तयार करतं, कागद पापडासारखा मोडतो; त्यात आपल्याकडची दमट हवा पिनांना गंज आणते. गंज पानात उतरला की त्याचा डाग जात नाही. माझं कपाट जूनमध्ये बंद होतं, आत सिलिका जेलच्या पुड्या. जुलैत कुणी अंक बघायला मागितला, तर मी दिवाळीनंतर या म्हणतो.