मे महिन्यातली शाळा: विशेष मुलांच्या उन्हाळी वर्गात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अकोल्यात मे महिन्यात सकाळी अकरानंतर कुणी उगाच घराबाहेर पडत नाही. त्यामुळे आमचा उन्हाळी वर्ग सातला भरतो आणि दहाला सुटतो. आठवड्याचे सहा दिवस, एकूण चार आठवडे. बौद्धिक अक्षमता हा विषय घेऊन विशेष बी.एड. केलं आणि नोकरी लागायच्या आधी मी या वर्गावर मानधनावर गेले. आता सात उन्हाळे झाले. फेब्रुवारी-मार्च आला की डी.एड., बी.एड.च्या मुलींचे फोन सुरू होतात, "ताई, तिथे नेमकं करायचं काय असतं?" फोनवर पाच मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

"उन्हाळी शिबिर" म्हटलं की डोळ्यांपुढे क्रेप कागद, फुगे आणि समारोपाचा नाच येतो. माझ्याही आला होता. पहिल्या वर्षी मी चोवीस दिवसांचे चोवीस उपक्रम वहीत आखून नेले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची चौकट. तिसऱ्या दिवशी ठसेकाम चालू असताना नऊ वर्षांचा एक मुलगा दिसेना. फाटकाची कडी नुसती अडकवलेली होती. पंचवीस मिनिटं आम्ही चौघीजणी रस्त्यावर धावत होतो. शेवटी तो चौकातल्या रसवंतीपुढे सापडला. चरक फिरला की त्याला बांधलेले घुंगरू वाजतात ना, तिकडे एकटक बघत उभा होता, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. त्याच्या वडिलांना सांगताना माझे पाय लटपटत होते. ते शांतपणे म्हणाले, "त्याले तं त्या घुंगराचा लय नाद हाये, मॅडम. बसस्टँडवर गेलो की तिथंच थांबते."

म्हणजे उत्तर घरात होतं, आम्ही विचारलंच नव्हतं. तेव्हापासून आमच्या प्रवेश फॉर्मवर जन्मतारीख आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) क्रमांक यांच्या खालोखाल एक प्रश्न असतो: न सांगता निघून गेला तर कुठे जाईल? पालक थबकतात, मग लिहितात. पाण्याची टाकी. आत्याचं घर. रेल्वे फाटक. फाटकाला आता कुलूप असतं आणि किल्ली एकीच्याच गळ्यात असते.

पहिले तीन दिवस काही शिकवू नका. नुसतं बघा. आपल्याकडे विशेष शाळांमध्ये सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली एफएसीपी ही तपासणी सूची वापरतात, ती तुम्हाला कॉलेजात शिकवलेलीच असेल. मूल स्वतःहून करतं, अधूनमधून खूण करावी लागते (सी), तोंडी सांगावं लागतं (व्हीपी) की हात धरून करून घ्यावं लागतं (पीपी), हे आपण अशा अक्षरांत नोंदवतो. परीक्षेपुरती ही अक्षरं सगळ्यांना पाठ असतात. पण त्यात एक एनई असतं, तिथे बहुतेकजणी चुकतात. एनई म्हणजे ते काम करायची मुलाला कधी संधीच मिळालेली नाही. "येत नाही" आणि "कधी करूच दिलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मे महिन्यातल्या घरात एनईंचा नुसता ढीग असतो. शाळेच्या दिवसांत सकाळी रिक्षा येते, घाई असते, आई घास भरवते, बटणं लावते, मोकळी होते. सुट्टीत वेळ असतो, पण तोवर सगळ्यांना सवय लागलेली असते. माझ्या मते उन्हाळी वर्गाचं खरं काम हे एनई पुसणं आहे. नवीन अक्षरं, नवीन अंक जूननंतर बघता येतील.

एक उदाहरण जवळून सांगते. अकरा वर्षांचा मुलगा, डाउन सिंड्रोम, आजीचा भलताच लाडका. त्याच्या सूचीवर "स्वतः पाणी घेऊन पितो" यापुढे आधीच्या कुणीतरी पीपी लिहिलेलं. मी आजींना विचारलं, घरी पाणी कसं घेतो? "घेते कायचा? मी देतो ना त्याले. माठ फोडून ठेवन तो." झालं, पीपी खोडून एनई लिहिलं.

वर्गात आम्ही मुद्दाम माठच ठेवला. फिल्टरच्या नळाखाली पेला धरायला शिकवून उपयोग नव्हता, त्याच्या घरी फिल्टर नाही. कामाचे तुकडे पाडले: झाकण काढणं, ते उलटं न ठेवणं, ओगराळं दांडीला धरणं, बुडवणं, वर आणून थेंब गळू देणं, पेल्यात ओतणं, ओगराळं जागेवर टांगणं, झाकण ठेवणं. आठ तुकडे. शेवटाकडून सुरुवात केली. पहिले तीन दिवस सगळं मी करायची, त्यानं फक्त झाकण ठेवायचं. ते ठेवलं की काम त्याच्या हातून पुरं झालेलं असायचं, तो हात झटकून सगळ्यांकडे बघायचा. मग ओगराळं टांगणं आणि झाकण. मग ओतणं. ओतण्यावर आठ दिवस अडलो. पेला काचेसारखा पारदर्शक होता, पाण्याची कड त्याला दिसत नव्हती. स्टीलचा पेला दिला, आतून लाल टेपची रेघ मारली, तर दोन दिवसांत जमलं. साहित्य बदललं की कौशल्य येतं हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती लाल रेघ सापडायला मला आठ दिवस लागले.

आजी दर शनिवारी वर्गात बसायच्या. ही आमची अट आहे: आठवड्यातून एकदा घरातल्या, प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या माणसानं यायचं. फॉर्मवर सही करणारं माणूस नको, सांभाळणारं हवं. पहिल्या शनिवारी आजींचे हात सारखे पुढे यायचे. मी त्यांना हात पदराखाली ठेवायला लावले.

आता उन्हाविषयी, कारण कॉलेजात हे कुणी फारसं बोलत नाही. बौद्धिक अक्षमता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना फिट्सही येतात आणि औषधं रोजची असतात. सुट्टीत उठायची वेळ सरकते, तसा डोसही सरकतो किंवा चुकतो, आणि डोस चुकणं हे फिट येण्याचं नेहमीचं कारण आहे. सकाळी हजेरी घेताना मी "औषध घेतलं?" हेही विचारते. टोपिरामेटसारख्या काही औषधांनी घाम कमी येतो, अशा मुलाचं अंग उन्हात पटकन तापतं. चव्वेचाळीस अंशांत ही बारीकसारीक गोष्ट राहत नाही. औषधांची नावं फॉर्मवर लिहून घ्या, आणि दर अर्ध्या तासानं सगळ्यांना पाणी. जे मूल तहान लागली असं सांगू शकत नाही त्याला आधी.

फिट आली तर मुलाला कुशीवर वळवायचं, गळ्याजवळचं बटण सैल करायचं, आजूबाजूचं टोकदार सामान सरकवायचं आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कुणीतरी कांदा किंवा चप्पल घेऊन धावत येणारच, त्यांना "मावशी, बाहेरच्या पोरांना जरा सांभाळा" असं काम देऊन मोकळं करायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एक संपून लगेच दुसरी सुरू झाली, तर सरळ दवाखाना. खेळाच्या तासाला आणखी एक लक्षात ठेवा: डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय कोलांटउड्या नकोत. योगशिक्षक उत्साहानं येतात, त्यांना हे माहीत नसतं.

आणि कूलर. विदर्भात कूलरशिवाय वर्ग भरूच शकत नाही, पण त्याची घरघर स्वमग्न मुलाला असह्य होऊ शकते. दुसऱ्या वर्षी एक मुलगी रोज सव्वाआठला किंचाळायला लागायची. आम्ही वर्तन नोंदवत बसलो, आधी काय झालं, नंतर काय झालं, तक्ते भरले. सेवकमामांनी ओळखलं. सव्वाआठला ते कूलरमध्ये पाणी भरून पंप चालू करायचे. मग पंप मुलं यायच्या आधीच चालू व्हायला लागला, तिचं आसन दाराजवळ गेलं, किंचाळणं बरंच कमी झालं. तक्ते भराच, पण सेवकमामांशीही बोला.

अशा मुलांसाठी दिवसाचा क्रम चित्रांत लावून ठेवा, वेल्क्रोवर. झालेलं चित्र मुलानं स्वतः काढून डब्यात टाकायचं. क्रम बदलायचा असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. देणगीदार पाहुणे अचानक येतात आणि भाषण करतात, त्यांचंही एक चित्र करून ठेवलं आहे आम्ही. हार घातलेला माणूस.

कागदपत्रांचं थोडक्यात. विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक लागतो. तो अजून आला नसेल तर मदतनीस म्हणून जा, कुणाच्या तरी हाताखाली. तेच बरं. नोंदणी ठरावीक मुदतीची असते आणि नूतनीकरणाला सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या पुढच्या प्रशिक्षणाचे, गुण लागतात. उन्हाळी वर्गाच्या प्रमाणपत्रानं ते मिळत नाहीत, त्यासाठी परिषदेनं मान्यता दिलेलाच कार्यक्रम हवा. मला हे चौथ्या वर्षी कळलं, तोवर छान फाइल करून ठेवली होती.

पैशाचं आधी बोलून घ्या, संकोच करू नका. मला एकदा एका दुसऱ्या संस्थेनं "सेवा समजून करा" म्हणून महिनाभर राबवलं आणि शेवटी गुलाबाचं फूल दिलं. अमेरिकेत गरज असलेल्या मुलाला सुट्टीतही शिक्षण देणं कायद्यानंच शाळेवर बंधनकारक आहे, मुलाच्या आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, बैठकीत ते ठरतं. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे, पण मे महिना प्रत्येक संस्थेच्या हौशीवर आणि खिशावर चालतो. म्हणून मानधन, जाण्यायेण्याचा खर्च आणि एका शिक्षिकेमागे किती मुलं, हे तिन्ही लेखी घ्या. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या अनुभवात चारपेक्षा जास्त मुलं असली की शिकवणं संपतं आणि राखण सुरू होते.

समारोपाला नाच बसवायचा आग्रह होईल. बसवा, पण त्यासाठी शेवटचा आठवडा खर्ची घालू नका. तो आठवडा घरभेटींचा असतो. वर्गात आलेली गोष्ट घरी येतेच असं नाही. माठ ओट्यावर उंच असतो, ओगराळं सापडत नाही, घरातलं कुणीतरी आधीच पेला भरून देतं. जाऊन बघावं लागतं.

त्या आजींच्या घरी मी गेले तेव्हा माठ ओट्यावरून खाली तिवईवर आलेला होता. स्टीलच्या पेल्याला आतून लाल नेलपॉलिशची रेघ, ती सुनेनं ओढलेली. मी बसले तर त्यानं पाणी आणून दिलं. प्यायले, तर दुसरा पेला. तोही प्यायले, तर तिसरा घेऊन उभा. आजी म्हणाल्या, "आता घ्याच ताई. पेल्याशिवाय जाऊ नाही देत तो कोनाले. काल वायरमन आला होता, त्याले पाच पाजले." सूचीवर मी सी लिहिलं, कारण झाकण अजून आठवण केल्याशिवाय ठेवत नव्हता. माठ दुसरा होता. पहिला दहा तारखेलाच फुटला होता.